काळी चार

"पट्टी कोणती?" मी विचारलं.

"काळी चार," एस्तेरमावशी म्हणाल्या. "दुसरी कुठली असणार?"

"बाई, हा काय प्रश्न झाला?" मार्कसमास्तर तबल्यावरचं फडकं काढत म्हणाले. "सूर्य कुठून उगवतो ते विचारा, एक वेळ चालेल. एस्तेरबाई काळी चारच्या खाली उतरत नाहीत. अख्ख्या नगर जिल्ह्याला ठाऊक आहे."

चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. ईस्टरच्या आधीचा बुधवार. मी पेटीचा भाता सोडला, चौथी काळी पट्टी दाबली आणि सा दिला.

एस्तेरमावशींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. मग मास्तरांनी हातोडी उचलली आणि तबला चढवायला सुरुवात केली. बराच वेळ चढवत होते. एरवी तोंडाची टकळी थांबत नसे त्यांची, पण त्या दिवशी गट्ट्यांवर ठोकताना मान वर केली नाही.

"आज काय, नवीन तबला आहे का?" मी म्हटलं.

"तबला जुनाच आहे," मास्तर म्हणाले.

एस्तेरमावशींनी पदर सारखा केला आणि गायला सुरुवात केली.

*धोंड कुणी लोटली बाई, धोंड कुणी लोटली?
आम्ही येण्याआधी कुणी वाट मोकळी केली?*

पदाची पहिली ओळ खालून चालते, ती नीट गेली. दुसरी ओळ एकदम उचलते. 'आम्ही येण्याआधी'ला आवाज वर चढायला हवा आणि 'वाट'वर टिकायला हवा. तो चढला, पण टिकला नाही. मध्येच फाटला आणि खाली आला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच फाटला. तिसऱ्या वेळी त्यांनी वर जाण्याचा प्रयत्नही केला नाही. गाणं अर्ध्यावर सोडलं आणि हात मांडीवर ठेवले.

"सर्दी आहे का, मावशी?" मी विचारलं.

"सर्दी नाही." त्या उठल्या. चपला शोधू लागल्या. "नीरू, पाळकसाहेबांना सांग, रविवारी दुसऱ्या कुणाला तरी गायला सांगा म्हणावं. माझा आवाज गेला. ज्यांच्याबरोबर होता त्यांच्याबरोबर गेला."

आणि त्या निघून गेल्या.

ही गोष्ट मी अठ्ठावीस वर्षांची असतानाची आहे. नगरच्या एका कॉलेजात मी फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर होते. मिशन कंपाउंडमध्ये आमचं घर आणि एस्तेर वाघचौरे यांचं घर समोरासमोर, म्हणून त्या माझ्या मावशी आणि त्यांचे यजमान माझे शांतवनकाका. बाकी जगासाठी त्या एस्तेरबाई होत्या, आणि ते जग बरंच मोठं होतं.

त्यांचे वडील गमलिएलबोवा बाजाराच्या गावी झाडाखाली उभे राहून ख्रिस्ती कीर्तन करायचे आणि मागे झांजा वाजवायला लहानगी एस्तेर. पुढे ती मिशनच्या दवाखान्यात कामाला लागली. तिथं मिस ब्यूला नावाची अमेरिकन नर्स होती. मावशी सांगायच्या, "आम्हाला वाटायचं अमेरिकेतली माणसं सगळी गोरीच असतात. ही तर आपल्यापेक्षा सावळी! आम्ही बघतच राहिलो." मिस ब्यूला जखमा धुताना तोंड मिटून गुणगुणायची. शब्द नाहीत, ओठ बंद, आणि छातीतून एक आवाज यायचा, वळत, वाकत, जमिनीवरून सरपटल्यासारखा. ओरडणारे रोगी त्या आवाजानं गप्प व्हायचे. एस्तेरनं एकदा विचारलं, हे कुठलं गाणं? मिस ब्यूला तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "हे गाणे नाही. हे गाण्याच्या आधीचे." तिची आजी कापसाच्या शेतात राबताना असं गुणगुणायची म्हणे.

एस्तेरनं ते उचललं आणि वडलांच्या पदांच्या आधी लावलं. त्या आवाजावर पुढे सभाच्या सभा बसून राहिल्या. ग्रामोफोनचे तवे निघाले. पुण्याच्या एका हॉटेलातल्या बँडनं त्यांना एका हिवाळ्यासाठी बोलावलं. तिथं नऊवारी नेसून त्या मिस ब्यूलाकडून शिकलेली इंग्रजी गाणी गायल्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हिवाळा संपायच्या आत मावशी परत आल्या. का, विचारलं तर म्हणायच्या, "चांगली माणसं होती गं. पण जेवता जेवता ऐकायची." मग नाताळात रेडिओवर, उन्हाळ्यात गावोगावच्या सभांत, आणि दर रविवारी आमच्या चर्चमध्ये, असं त्यांचं गाणं चालू राहिलं. पेटीवर कायम शांतवनकाका. दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधं मोजून द्यायची सवय बोटांत होती, पेटीही तशीच मोजून वाजवायचे.

मावशी, काका आणि मार्कसमास्तर, या त्रिकुटाच्या काही खोडी होत्या. आम्ही पोरं कित्येक वर्षं त्यांची नक्कल करत आलो होतो. मावशी डोळे मिटून गुणगुणायला सुरुवात करायच्या. काका आधी सूर द्यायचे नाहीत, गुणगुणणं पुरतं स्थिर झालं की मगच पेटी वाजायची. पेटीवर भर उन्हाळ्यातही एक तपकिरी शाल पसरलेली असायची आणि काकांचे हात तिच्याखाली. "बोटांना गार लागतं," म्हणायचे. आणि सगळ्यांत वाईट खोड मार्कसमास्तरांची. मावशींचं ते गुणगुणणं चालू झालं, सगळं चर्च शांत झालं, की नेमके त्याच वेळी मास्तर हातोडीनं तबला ठोकायला लागायचे. टक, टक, टक. पाळकसाहेबांनी कितीदा सांगितलं, "मास्तर, घरून लावून आणत जा." मास्तर म्हणायचे, "आणतो साहेब, पण रस्त्यात उतरतो."

जानेवारीत शांतवनकाका गेले. ईस्टर एप्रिलमध्ये होता. तोवर मावशी गायल्या नव्हत्या, आणि पेटीवर बसणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आमच्याकडे ईस्टरची पहिली उपासना दफनभूमीत होते, उजाडायच्या वेळी. लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात आणि उभं राहून वाट पाहतात. मग एस्तेरमावशी एकट्या 'धोंड कुणी लोटली' म्हणायला लागायच्या. गमलिएलबोवांचं पद. पहिलं कडवं मावशींचं आणि पुढची सगळ्यांची. माझ्या आठवणीत त्यात कधी खंड पडला नव्हता. या वर्षी त्या कबरींमध्ये एक शांतवनकाकांची होती. मावशी तिथं गायल्या नाहीत, तर पुन्हा कुठंच गाणार नाहीत, हे मला बुधवारी त्या चपला घालत असताना त्यांच्या पाठीकडे बघूनच कळलं.

त्या निघून गेल्यावर मी पेटी बंद करत होते. मास्तर गेले नव्हते.

"बाई," ते म्हणाले. एकदम हळू आवाजात. "पेटी उघडली होती का तुम्ही?"

"हो. काल मावशींच्या घरून आणली तेव्हा. फार धूळ होती, साफ केली. आणि पट्ट्यांचा पाट सरकला होता रिक्षात, तो जागेवर आणला."

काकांची पेटी स्केलचेंजर होती. अशा पेटीत पट्ट्यांचा सगळा पाट उचलून डावी-उजवीकडे सरकवता येतो. पट्टी तीच दाबायची, पण आतला सूर बदलतो. पाट डावीकडे नेला की सूर उतरतो. कडेला खाचा असतात, एक खाच म्हणजे अर्धा सूर. मला तो पाट तीन खाचा डावीकडे दिसला होता.

"जागेवर आणला," मास्तर म्हणाले.

"म्हणजे काय, मास्तर? वाकडा ठेवायचा?"

"छे, छे. बरं केलंत." तबल्याची जोडी पिशवीत घालून ते निघाले. दारात थांबले. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. मग "सलाम," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सोनोमीटरचा प्रयोग होता. लाकडी पेटीवर ताणलेली तार असते, तिच्याखाली दोन त्रिकोणी ठोकळे असतात, ते सरकवून सरकवून तारेचा सूर ट्यूनिंग फोर्कच्या सुराशी जुळवायचा. जुळला की तारेवर ठेवलेला कागदाचा कपटा उडून पडतो. याला वेळ लागतो. एक मुलगी पाऊण तास त्याच्यामागे होती. तिचा कपटा उडाला, ती आनंदानं वही आणायला गेली, आणि परत येईपर्यंत शेजारच्या टेबलावरच्या दुसरीनं ठोकळे दोन्ही टोकांना नेऊन ठेवले होते.

"मॅडम, बघा ना हिनं काय केलं! मी लावून ठेवले होते!"

"मी काही केलं नाही मॅडम, ते मध्येच कुठंतरी होते. मी फक्त जागेवर ठेवले."

"तीच त्यांची जागा होती!"

मी दोघींकडे बघत उभी राहिले. मी स्वतः इतकी वर्षं मुलांना हेच शिकवत आले होते, कुठलंही उपकरण हातात घेतलं की पहिल्यांदा शून्यावर आहे का बघा, नसेल तर आणा. पण माझ्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा नव्हती. तपकिरी शाल होती.

रिक्षातल्या हिसक्यानं पाट एखाद वेळी अर्धवट निसटेल. तीन खाचा मोजून, नेमका खाचेत जाऊन तो बसणार नाही. तो कुणीतरी तिथं ठेवला होता, आणि ती पेटी एकाच माणसाच्या हातात असायची.

म्हणजे मावशींचा आवाज काकांबरोबर गेला नव्हता. तो कित्येक वर्षांपासून थोडा थोडा उतरत होता, साठीतल्या कुठल्याही बाईचा उतरतो तसा, आणि काका पेटी त्याच्याबरोबर उतरवत होते. मावशी म्हणायच्या काळी चार. काका बोटं काळी चारवरच ठेवायचे. शालीखाली सूर वेगळाच असायचा.

आता मी काय करायचं? मावशींना जाऊन सांगायचं, की मावशी, तुमचा आवाज बुधवारी गेला नाही, कधीच उतरलाय, आणि काकांनी तुम्हाला ते कळू दिलं नाही? म्हणजे आवाजही गेला आणि त्यांचा माणूसही त्यांना फसवत होता, असं दोन्ही एकदम सांगायचं? मी दोन दिवस विचार केला. गुड फ्रायडेच्या उपासनेत मावशी शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. सगळी गाणी झाली, त्यांचे ओठ हलले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या अंगणात तुळशी-पुदिन्याच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"पाळकांना सांगितलंस का?"

"नाही."

"का?"

"मावशी, त्या दिवशी पेटी नीट नव्हती."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "काय झालं होतं पेटीला?"

मी खोटं फार वाईट बोलते. "पट्ट्यांत जरा बिघाड होता."

"हं. मग?"

"दुरुस्त केलाय."

"कुणी?"

"मीच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांची ती नजर मला अजून आठवते, डोळे बारीक करून सुईत दोरा ओवताना बघतात तशी.

"अगं, तू पेटीवाली कधीपासून झालीस?"

"मंगळवारपासून."

त्या हसल्या. जानेवारीनंतर पहिल्यांदा. मग पुन्हा तांब्या उचलला. "बघते," म्हणाल्या. "येईन असं म्हणत नाही. बघते."

घरी जाऊन मी तिथं आणून ठेवलेल्या पेटीचा पाट तीन खाचा डावीकडे नेला आणि काकांची शाल मागून आणायला विसरले म्हणून पुन्हा मावशींकडे गेले. त्यांनी काही न विचारता शाल काढून दिली. घडी घातलेली, वरच ठेवलेली होती.

रविवारी पहाटे आम्ही दफनभूमीत पोचलो तेव्हा पूर्वेला नुसती राखाडी रेघ होती. कडुलिंब फुलले होते, त्यांचा कडवट गोड वास सगळीकडे. माणसं कबरींपाशी वाकून मेणबत्त्या लावत होती, वारा लागून विझल्या की पुन्हा लावत होती. काकांच्या कबरीवर अजून फरशी बसवली नव्हती. मातीचा उंचवटा आणि भोवती चुना लावलेले दगड.

सतरंजीवर मी पेटी मांडली. मास्तर शेजारी तबला घेऊन बसले.

"लावून आणलाय का?" मी विचारलं.

"आणलाय. पण रस्त्यात उतरतो," मास्तर म्हणाले आणि हातोडी मांडीवर घेऊन बसले. पेटीवरच्या शालीकडे त्यांचं लक्ष गेलं. ते थोडे माझ्या बाजूला सरकून बसले.

मावशी दिसत नव्हत्या. पाळकसाहेब माझ्याजवळ आले. "एस्तेरबाई?"

"बघते म्हणाल्या होत्या."

"बघते म्हणजे? बाई, उजाडतंय. मी सुरुवात करू का दुसऱ्या गीतानं?"

"थोडं थांबा, साहेब."

त्यांनी घड्याळ बघितलं, आकाशाकडे बघितलं. लोक उभे होते. एक लहान मूल रडत होतं, त्याची आई त्याला खांद्यावर थोपटत होती. मग गेटाकडून पांढरी साडी येताना दिसली. मावशी सावकाश आल्या, पण आमच्याकडे आल्या नाहीत. सरळ काकांच्या कबरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून मेणबत्ती काढली, लावली. ती वाऱ्यानं विझली. पुन्हा लावली. पुन्हा विझली. तिसऱ्यांदा लावली आणि चुन्याच्या दगडाच्या आडोशाला ठेवली. तिथं ती टिकली.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे सूर दे. माझा हात भात्यावर होता. मी भाता सोडला नाही. बुधवारी मी आधी सूर दिला होता. काका कधीच देत नसत.

मावशींनी डोळे मिटले.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. तोंड मिटलेलं, आवाज छातीतून, खूप खालून, एखाद्या ओढ्याचं पाणी वाळूखालून चालल्यासारखं. तो वर चढला, वाकला, परत आला, जागा शोधत होता. मूल रडायचं थांबलं. मी कान देऊन ऐकत होते, आणि मला कळलं की मी ठरवून आणलेली जागा ती नव्हे. आवाज माझ्या तीन खाचांवर येऊन थांबेना. येत होता आणि त्याच्याही खाली घसरत होता. तिथं, एक खाच खाली, तो स्थिर झाला.

शालीखाली माझा हात पाट सरकवायच्या कळीवर गेला. सगळीकडे इतकी शांतता होती की मेणबत्तीची वात तडतडलेली ऐकू येत होती. हा पाट खाचेत बसताना खट् वाजतो. ते खट् सगळ्या दफनभूमीला ऐकू जाणार होतं.

टक, टक, टक.

मार्कसमास्तर तबला ठोकत होते. समोर बघत होते, चेहरा अगदी निर्विकार. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. मास्तरांनी आणखी एक टक हाणली, जरा मोठी, आणि त्या टकेखाली मी पाट सरकवला.

मग भाता सोडला. बोटं काळी चारवर. सूर आला, आणि तो मावशींच्या गुणगुणण्यात असा मिसळला की पेटी कुठं सुरू झाली ते मलाही कळलं नाही.

*धोंड कुणी लोटली बाई, धोंड कुणी लोटली?*

दुसरी ओळ आली. 'आम्ही येण्याआधी'. आवाज वर गेला. 'वाट'वर पोचला. आणि टिकला. टिकून राहिला, किंचित खरखरीत, पण पूर्ण भरलेला. त्यात तरुणपणची धार नव्हती. त्याऐवजी जे होतं त्याला माझ्याकडे शब्द नाही. माझ्या शेजारी मार्कसमास्तरांचे हात तबल्यावर चालले होते आणि गालांवरून पाणी.

लोकांनी दुसरं कडवं उचललं. तोवर उजाडलं होतं.

उपासना झाल्यावर मावशी म्हणाल्या, "नीरू, चहाला चल." त्यांच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसले. त्यांनी चहा गाळला, माझ्यापुढे ठेवला, ईस्टरचा केक कापून बशीत ठेवला आणि समोर बसल्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"खाचा. किती उतरवलीस?"

मी केकची बशी खाली ठेवली. "चार."

"नाताळात तीन होत्या." त्यांनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे एक आणखी गेली. जायचीच."

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, झांजा वाजवायच्या वयापासून गातेय मी. गळा माझा आहे. डोंगर चढतेय की उंबरा ओलांडतेय, हे मला कळणार नाही होय?"

"मग बुधवारी बोलला का नाहीत? नुसतं 'नीरू, खाली घे' म्हणाला असतात, तर मी..."

"कुणासमोर म्हणू? आज तू आणि मास्तर, उद्या सगळी मंडळी." त्यांनी कप खाली ठेवला. "ह्यांनी दहा वर्षं सगळ्यांना सांगितलं, आमच्या एस्तेरचा गळा बघा, साठी आली तरी काळी चार. पाळकांना सांगितलं. परिषदेच्या भर सभेत सांगितलं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात पडल्या पडल्या नर्सला सांगत होते, ती बिचारी केरळची, तिला काय काळी चार कळतेय! आणि ते मातीत जाऊन तीन महिने होत नाहीत तो मी म्हणू, मला सफेद तीनला घे? त्यांना खोटं पाडू? त्यापेक्षा नाही गायलेलं बरं."

बाहेर कंपाउंडमधली पोरं एकमेकांना उकडलेली रंगीत अंडी दाखवत ओरडत होती.

"काकांना ठाऊक होतं का, तुम्हाला कळलंय ते?"

"ते कसं ठाऊक असेल? माझे डोळे मिटलेले असायचे."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"लोकांना वाटायचं प्रार्थना करतेय," मावशी म्हणाल्या. "करतच होते. पण डोळे उघडे ठेवले असते तर शालीखालचा हात दिसला असता. आणि दिसल्यावर काहीतरी बोलावं लागलं असतं. मला सांगायचं होतं ते मी गुणगुणून सांगायची, आज इथं आहे हो मी, इथं या. ते यायचे. एकदाही चुकले नाहीत." त्या थांबल्या. "आज मी तुला तसंच सांगत होते. म्हटलं ऐकतेय का बघू. ऐकलंस. प्रभूचे उपकार."

"आणि मास्तर?"

"तो! तो मोठा लबाड. पहिल्या खाचेपासून सामील आहे. तबला का आपोआप उतरतो? त्या खट् आवाजासाठी इतकी वर्षं पाळकांची बोलणी खाल्ली मेल्यानं." त्या हसत हसत उठल्या, केकचा मोठा तुकडा कागदात बांधला आणि माझ्या हातात दिला. "जाताना त्याला देऊन जा. आणि काही बोलू नकोस. त्याला वाटतं मला माहीत नाही."

मास्तर त्यांच्या ओट्यावर दाढी करत बसले होते. केक बघून म्हणाले, "बघितलंत बाई? पासष्टी आली, तरी काळी चार!"

"हो ना, मास्तर," मी म्हटलं.

त्यानंतर दर रविवारी पेटीवर मी बसले. शाल तीच. प्रयोगशाळेत अजूनही मुलांना उपकरण शून्यावर आणायला शिकवत होते, फक्त एक वाक्य वाढवलं, की आणण्याआधी विचारा, हे आधी कोण वापरत होतं.

काही वर्षांनी पाचवी खाच आली, मग सहावी. त्या पेटीचा पाट सहाव्या खाचेपलीकडे जात नाही, तिथं लाकूड संपतं.

त्यानंतरच्या एका ईस्टरला दफनभूमीत मावशींनी डोळे मिटले आणि गुणगुणायला सुरुवात केली. काकांच्या कबरीवर तेव्हा काळी फरशी होती आणि आम्ही मावशींना खुर्चीवर बसवून नेलं होतं. आवाज खाली आला. सहाव्या खाचेशी आला, आणि तिथून हळूच आणखी खाली गेला. माझा हात शालीखाली लाकडाला टेकलेला होता. मास्तर हातोडी उचलून माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. जागा नव्हती.

मास्तरांची टक आली नाही, तेव्हा मावशींनी डोळे उघडले. गुणगुणता गुणगुणताच माझ्याकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, मास्तरांच्या वर थांबलेल्या हाताकडे पाहिलं. सगळं बघून झालं. मग त्या हसल्या, आणि मांडीवरचा हात उचलून, तळवा वर करून, समोर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांना खूण केली. घ्या.

कुणीतरी पहिली ओळ उचलली, मग सगळ्यांनी. ती वर लागली होती, म्हणून मी पाट मुळात जिथं असतो तिथं नेला आणि काळी चारला सूर दिला. आम्ही सगळे गायलो, 'वाट'वर पोचलो, टिकलो. आणि त्या सगळ्या आवाजांच्या खालून, शेवटच्या कडव्यापर्यंत, मावशींचं ते गाण्याच्या आधीचं चालू राहिलं.